बोलण्याच्या तासाला गप्प बसा

इंग्रजीत एम.ए. झाले तेव्हा मला फर्स्ट क्लास होता, आणि साताऱ्यातल्या एका शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा मला इंग्रजीत एक धड वाक्य बोलता आलं नाही. समोर बसलेल्या बाईंनी काही अवघड विचारलं नव्हतं. मी खुर्चीत बसल्यावर त्यांनी सहज म्हटलं, "हाऊ वॉज युवर जर्नी?" प्रवास कसा झाला, एवढंच. मी कोरेगावाकडून एसटीत उभी राहून आले होते, पुढच्या माणसाच्या पोत्यातली मिरची सगळ्या गाडीला ठसका लावत होती, एक म्हातारी मला धरूनच झोपली होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हणाले, "येस मॅडम."

त्या हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

बाहेर आल्यावर मला रडू नाही आलं, राग आला. शाळेत आणि पुढं कॉलेजात मिळून इतकी वर्षं इंग्रजी शिकले आणि त्या सगळ्या वर्षांत एकाही शिक्षकानं मला इंग्रजीत "काल काय केलंस" असं विचारलं नव्हतं. वाक्य कर्मणी करा, प्रश्नार्थक करा, नकारार्थी करा, हे विचारलं होतं. एकच आंबा खाणारा माणूस मी अभ्यासाच्या वहीत इतक्या वेळा उलटासुलटा केला होता, पण त्या आंब्याची चव कशी होती, हे सांगायची वेळ कधी आली नव्हती. हा राग मी साताऱ्याहून घेऊन निघाले तो अजून गेलेला नाही.

पुढं नोकरी लागली ती सांगली जिल्ह्यात, आष्ट्याजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये. आठवी-नववीचं इंग्रजी माझ्याकडं आलं. गाव ऊसवाल्यांचं. बऱ्याच घरांतला एखादा माणूस फौजेत. त्यात काही घरं पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून येऊन राहिलेली, पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी, आता थोडी शेती, थोडी शेरडं आणि घरातला कोणीतरी कुपवाडच्या कारखान्यात.

काही वर्षांनी आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना सांगलीला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता संभाषणातून भाषा शिकवणं. म्हणजे मुलांना खरं काहीतरी बोलायला लावायचं, चुका होऊ द्यायच्या, मास्तरांनी आपलं तोंड आवरायचं. मी हरखून गेले. साताऱ्याच्या त्या खुर्चीत मला जे हवं होतं, ते हेच.

पण प्रशिक्षण देणारे गृहस्थ सकाळी बोलायला लागले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. पडद्यावर चित्रं सरकत होती. "शिक्षकाने कमी बोलावे, विद्यार्थ्याने जास्त बोलावे" हे वाक्य त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, मग त्याचा अर्थ सांगितला, मग तो अर्थ आम्हाला लिहून घ्यायला लावला. हॉलभर शिक्षक बसले होते आणि कोणीही तोंड उघडत नव्हतं. उघडलं ते फक्त जेवताना. दुसऱ्या दिवशी मी हात वर करून म्हणाले, "सर, यातलं एखादं आपण इथं करून बघूया का? आम्हीच आमच्यात?"

"वेळ नाही मॅडम," ते म्हणाले. "अजून बराच भाग शिकवायचा आहे."

जाताना एक झेरॉक्स कागद मिळाला. त्यावर दोन चित्रं होती, जवळजवळ सारखी. एकानं एक बघायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि एकमेकांचं चित्र न बघता नुसतं विचारून फरक शोधायचा. परतीच्या आष्टा गाडीत माझ्या शेजारी वाटेतल्या एका शाळेतल्या शिक्षिका बसल्या होत्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, दिवसभर एक शब्द न बोललेल्या. मी कागद मधोमध फाडला आणि अर्धा त्यांच्या हातात दिला.

"अगं, इथं? गाडीत?" त्या म्हणाल्या.

"मग कुठं? हॉलमध्ये तर वेळ नव्हता."

त्यांनी आजूबाजूला बघितलं, पदर सावरला आणि हळूच विचारलं, "इज देअर अ डॉग इन युवर पिक्चर?" माझ्या चित्रात कुत्रं नव्हतं, मांजर होतं. मांजर कुठं आहे, खिडकीत की खिडकीखाली, यावर आमचं जुंपलं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून वळून बघत होता. त्यांना उतरायचं ठिकाण आलं तेव्हा त्या उठता उठता म्हणाल्या, "नोकरीला लागल्यापासून मी इंग्रजीत भांडले नव्हते गं." आणि हसत उतरल्या. सगळ्या प्रशिक्षणात मला जे मिळालं ते त्या गाडीत मिळालं.

दुसऱ्या आठवड्यात मी आठवीच्या वर्गात सुरुवात केली. आष्टा-सांगली एसटीचं वेळापत्रक दोन प्रकारे लिहिलं, एकात काही जागा मोकळ्या, दुसऱ्यात दुसऱ्या. जोड्या लावल्या. विचारा एकमेकांना. पहिला दिवस वाया गेला. पोरं एकमेकांच्या कागदात डोकावली आणि मराठीत मोकळी झाली. दुसऱ्यांदा मी त्यांना पाठीला पाठ लावून बसवलं. मग कोणीतरी ओरडलं, "व्हॉट टाइम गाडी गो?" मागून उत्तर आलं, "सेवन! बट आलवेज लेट!" वर्ग हसला आणि जमून गेलं.

त्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. पूर्वेकडून आलेल्या घरातली. वडील दुचाकीवरून कुपवाडला कामाला जायचे, आई शेरडं सांभाळून दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायची. लेखी परीक्षेत ही मुलगी जेमतेम. स्पेलिंग तर देवाच्या भरवशावर. एकदा मी सगळ्यांना म्हटलं, आज ज्याला जी खरी अडचण आहे ती सांगा आणि बाकीच्यांनी उपाय सुचवा. बाकीची पोरं "आय हॅव होमवर्क" असलं काहीतरी सांगत होती. ही उभी राहिली.

"मॅडम, माय गोट इज प्रेग्नंट. शी नॉट ईटिंग. व्हॉट आय डू?"

असा प्रश्न आला की वर्ग वर्ग राहत नाही. "गिव्ह जॅगरी!" एक जण म्हणाला. "नो, नो जॅगरी, वॉटर हॉट!" "कॉल डॉक्टर!" "डॉक्टर इज इन आष्टा, ही कम टुमारो!" शेवटच्या बाकावरचा, वर्षभर माझ्याकडं डोळे वर करून न बघणारा मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माय ग्रँडफादर नो गोट. आय आस्क. आय टेल यू इव्हिनिंग." एवढं लांब तो मराठीतसुद्धा कधी बोलला नव्हता.

दोन दिवसांनी ती पळत वर्गात आली. "टू बेबी! वन ब्लॅक, वन नो कलर!" नो कलर म्हणजे पांढरं. मी ते सुधारलं नाही. शेजारचीनं सुधारलं, "व्हाइट म्हण की गं," आणि त्या दिवसापासून तो शब्द तिच्या तोंडी बसला.

आता यात आवाज होणारच. पन्नासच्या वर पोरं एकाच वेळी बोलायला लागली की तो आवाज भिंतीपलीकडं जातो. भिंतीपलीकडं गणिताच्या सरांचा वर्ग होता. ते दारात येऊन उभे राहायचे.

"मॅडम, आज बाजार भरलाय का?"

"इंग्रजी बोलतायत सर."

"हे इंग्रजी? 'गोट नॉट ईटिंग'?"

तक्रार मुख्याध्यापकांकडं गेली. माणूस वाईट नव्हता, पण कुठूनही कसलाही आवाज आला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचा उपक्रम चांगलाय मॅडम. करा. फक्त आवाज वर्गाबाहेर येऊ देऊ नका."

"सर, बोलण्याचा तास आहे."

"बोला की. पण हळू बोला."

पोहायचा तास घ्या, पण कोणी भिजायचं नाही, असंच झालं की हे! मी त्यांना तसं म्हटलंही. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

ही पोरं नववीत गेली तेव्हा वरून कळवण्यात आलं की इंग्रजी संभाषण उपक्रम पाहायला एक अधिकारी येणार आहेत. मला आनंद झाला. वाटलं, येऊ देत, बसू देत मागच्या बाकावर, ऐकू देत पोरांचं. पण मुख्याध्यापकांनी मोबाइलवरून एक संवाद उतरवून आणला. हॉटेलमध्ये गिऱ्हाईक आणि वेटर. एक सँडविच, एक कोल्ड कॉफी, बिल आणा, धन्यवाद, पुन्हा या.

"हे पाठ करून घ्या," ते म्हणाले. "सहा पोरं निवडा. गणवेश स्वच्छ असलेली. आपण व्हिडिओही काढणार आहोत."

"सर, हे पाठांतर झालं. संभाषण म्हणजे पुढचा काय बोलणार हे आपल्याला माहीत नसतं."

"साहेबांसमोर माहीत नसून कसं चालेल?"

मी त्या मुलीचं नाव सुचवलं. खोलीत गणिताचे सरही बसले होते. ते म्हणाले, "तिला नको. पूर्वेकडची पोरं ती, जीभ जड असते त्यांची. 'शाळा'सुद्धा 'साळा' म्हणते."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "अहो, जीभ जड असती तर वर्षभर तुमच्या भिंतीतून तुम्हाला कोण ऐकू येत होतं?" पण निर्णय बदलला नाही. मी पाठांतर घ्यायला नकार दिला. मग ते दुसऱ्या शिक्षिकेकडं दिलं. निवडलेल्यांत सगळी सांगलीला शिकवणीला जाणारी पोरं होती. त्यांचा दोष काहीच नव्हता. त्यांतल्या एकानं मला येऊन विचारलं, "मॅडम, सँडविचमध्ये नेमकं काय घालत्यात?"

आणि बाकीच्या वर्गाला काय सांगितलं? मागं बसायचं, हात बांधायचे, टाळ्या वाजवायच्या, तोंड उघडायचं नाही. बोलण्याच्या उपक्रमाच्या दिवशी, बोलणाऱ्या वर्गाला. मी दाराजवळ उभी राहून ते ऐकत होते आणि माझी कानशिलं तापली होती.

साहेब आले. वेटर आला, सँडविच आलं, बिल आलं. टाळ्या झाल्या. मग साहेब मराठीतून बोलले. इंग्रजी संभाषण ही काळाची गरज आहे, मुलांनी भीती सोडली पाहिजे, वगैरे. ते पुष्कळ बोलले. शेवटी घड्याळ बघत म्हणाले, "एनी क्वेश्चन?"

हे सगळेच म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता उठतात. पण मागून हात वर गेला. ती उभी राहिली.

"सर, यू आस्क मी क्वेश्चन. आय आन्सर."

साहेब गोंधळले. "काय म्हणते ही?" त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं. मग तिच्याकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "मराठीत बोल बाळ. घाबरू नकोस."

ती अजिबात घाबरलेली नव्हती. माझ्या वर्गात जो नियम होता तोच तिनं सांगितला. "नो सर. इंग्लिश पिरियड."

वर्ग हसला. कोणी खोडसाळपणानं हसलं नाही. रोज कोणी मराठीत घसरला की हेच वाक्य कोणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे, तसंच हसले. पण साहेबांचा चेहरा लाल झाला. एक साधा प्रश्न विचारायचा होता. तुझं गाव कुठलं, तुला काय आवडतं. ती बोलली असती, सगळा वर्ग बोलला असता. साहेब उठले आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईला शाळेत बोलावलं. ती रानातून तशीच आली होती, हात मातीचे. ती खुर्चीत बसली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या मुलीनं मोठ्या साहेबांचा अपमान केलाय. तुम्ही दोघींनी फोनवरून माफी मागा, मी लावून देतो."

आईनं मुलीकडं बघितलं, मग मुख्याध्यापकांकडं. "आवं, शिवी दिली का हिनं?"

"शिवी नाही. उलट बोलली."

"काय बोलली?"

मुख्याध्यापक माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, "ती म्हणाली, साहेब, मला प्रश्न विचारा, मी उत्तर देते."

आईला वाटलं असावं अजून काहीतरी सांगायचं राहिलंय. मग म्हणाली, "मंग इचारायचा की. त्यात काय हाय?"

मुख्याध्यापकांनी टेबलावरचं पेपरवेट इकडचं तिकडं ठेवलं. मी म्हणाले, "सर, माफी मागितली जाणार नाही. मागायचीच असेल तर मी मागते, आणि कशाबद्दल तेही साहेबांना नीट सांगते." हे त्यांना मुळीच नको होतं. त्यांनी मायलेकींना जायला सांगितलं. दाराबाहेर जाताना आई मुलीला विचारत होती, "तुला खरंच येतंय व्हय गं तसलं बोलायला?" आणि मुलगी म्हणत होती, "येतंय की. लय न्हाई, पन येतंय."

मग मुख्याध्यापकांनी स्वतःच फोन लावला. आवाज मोठा होता, मला पलीकडचं ऐकू येत होतं. त्यांनी कालच्या प्रकाराबद्दल क्षमा मागायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, "कुठली मुलगी? नाही हो, लक्षात नाही माझ्या. ते व्हिडिओचं तेवढं बघा, आजच पाठवा."

त्या क्षणी मला जितका संताप आला तितका आदल्या दिवशीही आला नव्हता. ज्याच्यासाठी एका पोरीला आणि तिच्या आईला मातीच्या हातांनी उभं केलं, त्याच्या ते लक्षातसुद्धा नव्हतं. लाल झालेला चेहरा चहाबरोबर उतरला होता. तो चेहरा आठवत होता फक्त आम्हाला.

व्हिडिओ गेला. शाळेचं कौतुक झालं. शाल-श्रीफळ मलाच द्यायचं ठरलं, कारण इंग्रजीची शिक्षिका मी. मी त्या दिवशी रजा टाकली.

पुढच्या वर्षी या पोरांबरोबर मीही दहावीला जाईन असं वाटलं होतं, पण वेळापत्रक लागलं त्यात दहावीचं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. आठवी-नववीही काढून घेऊन मला पाचवी-सहावी दिली होती. "बोर्डाचा निकाल लागतो मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "बोलण्याला बोर्डात मार्क किती? लिहिण्याला किती?" मी भांडले. संस्थेच्या एका संचालकांच्या घरी गेले, त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "लहान पोरांना तुमच्यासारखंच कोणीतरी पाहिजे." असं गोड बोलून बाजूला काढतात तेव्हा भांडायलाही माणूस सापडत नाही.

माझ्या त्या वर्गाला दहावीत उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायला लावली. धडा मराठीत सांगायचा, उत्तर इंग्रजीत लिहून द्यायचं, पाठ करून आणायचं. मधल्या सुट्टीत त्यांच्यातली काही जणं पाण्याच्या टाकीजवळ माझ्याकडं यायची. डबा खाता खाता बोलायची. कोणाच्या घरी म्हैस व्यायली, कोणाचा भाऊ भरतीत धावताना पडला, कोणाला पुण्याला जायचंय. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण त्यांचं त्यांचं होतं. गणिताचे सर तिथून जाताना एकदा थांबले. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. त्यांनी फक्त विचारलं, "हे रोज चालतं?" मी हो म्हटलं. ते गेले. नंतर त्यांची मुलगीही टाकीपाशी येऊन बसायला लागली.

ती शेरडांची मुलगी पास झाली. आता सांगलीला कॉलेजात आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. अजून माझ्याशी ती इंग्रजीतच बोलते. म्हणाली, तिथले इंग्रजीचे सर वर्गात येतात, खुर्चीत बसतात, मराठीत गोष्ट सांगतात आणि नोट्स डिक्टेट करतात. तोंडी परीक्षेचे मार्क सगळ्यांना पडले, पण तोंड कोणाचंच उघडायला लावलं नाही. तिनं विचारलं, "सर, व्हेन इज अवर ओरल?" तर ते म्हणाले, "झाली. बस खाली."

"अँड यू?" मी विचारलं.

"आय सॅट, मॅडम. व्हॉट टू डू. बट आय अ‍ॅम व्हेरी अँग्री."

व्याकरण एकदम बरोबर होतं. मला हसू आलं. साताऱ्याच्या त्या मुलाखतीतली बाई आता हिला काहीही विचारू दे, ही "येस मॅडम" म्हणून बसणार नाही, एवढं तरी झालं. पण तिच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय?

तिनं तिच्या परीनं मार्ग काढलाय. कॉलेज सुटल्यावर चार-पाच मुली कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसतात आणि इंग्रजीत बोलतात. येणारेजाणारे बघतात, एखादा काहीतरी बोलून जातो, या त्यालाच इंग्रजीत विचारतात, "व्हॉट डिड यू से?" मला ती हे सांगत होती तेव्हा खूश होती.

मी तिला शाबासकी दिली. मी खूश नाही. घाटावर का बसायचं त्यांनी? कॉलेजात वर्ग आहे, बाकं आहेत, वर पंखा आहे, आणि समोर खुर्चीत एक माणूस बसलाय, ज्याचं काम नुसतं यांना बोलतं करायचं आहे.